'जाऊ दे' म्हणण्याआधी

शनिवारी संध्याकाळी आम्ही जामसांवलीहून परतत होतो. पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचं दर्शन झालं होतं. मांडीवर प्रसादाची पिशवी होती आणि माझ्या डोक्यात घरी गेल्यावर कणीक मळायची की खिचडीवर भागवायचं, एवढंच चाललं होतं. सातवीतली लेक खिडकीपाशी बसली होती. वेणीच्या रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मध्येच म्हणाली, "आई, मी मॉनिटरसाठी नाव दिलं ना, तर एक पोरगा म्हणाला, तू काहून उभी राहते? जा, घरी पोळ्या लाट. सगळा वर्ग हसला."

मी काय म्हटलं असेल? तुम्हीही कधी तरी म्हटलं असेल तेच. "जाऊ दे बेटा. अशांकडे लक्ष नको देऊ." आणि लगेच धाकट्याला सांडलेलं पाणी पुसायला लावलं.

चार दिवसांनी कळलं की तिनं नाव मागं घेतलं. का म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "तूच म्हणाली ना, जाऊ दे. म्हणून मी जाऊ दिलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपण 'जाऊ दे' म्हणतो ते काही माया कमी असते म्हणून नाही. भीती वाटते. पोर उलटून बोलली तर उद्या तिला जास्त त्रास देतील, 'तोंडाळ' म्हणून नाव पडेल, चार लोक काय म्हणतील. शिवाय आपण दमलेलो असतो. गॅसवर दूध असतं, उद्याचा डबा डोळ्यासमोर असतो. आपल्या आईनंही आपल्याला हेच सांगितलेलं असतं. पण लेकरू हिंमत करून मनातली गोष्ट काढतं आणि आपण तिच्यावर झाकण ठेवतो. पुढच्या वेळी ते सांगतच नाही.

'घरी पोळ्या लाट' हे काही त्या पोराच्या डोक्यातून निघालेलं नाही. मे 2022 मध्ये महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणावरून वाद चालू असताना भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी खासदार सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं होतं. पुढं त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तोवर ते वाक्य टीव्हीवरून घरोघरी पोचलं होतं, आणि कितीतरी घरांत लेकरं बाजूलाच बसून जेवत असतील.

कोणताही पक्ष याला अपवाद नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ग्वाल्हेरकडच्या डबरा इथं पोटनिवडणुकीची सभा होती. आपल्या छिंदवाड्याचे आमदार आणि माजी मुख्यमंत्री कमलनाथ यांनी भर सभेत इमरती देवींना 'आयटम' म्हटलं. या बाई त्यांच्याच मंत्रिमंडळात महिला आणि बालविकास मंत्री होत्या. पुढं पक्ष बदलून त्या समोर उभ्या राहिल्या होत्या. नाव आठवलं नाही म्हणून तो शब्द वापरला, असं कमलनाथांचं म्हणणं.

इमरती देवी गप्प बसल्या नाहीत. गरीब, दलित घरात जन्मले यात माझा काय दोष, असं त्यांनी कॅमेऱ्यासमोर विचारलं. राहुल गांधींनी ही भाषा आपल्याला आवडली नाही, असं आपल्याच पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याबद्दल सांगितलं. निवडणूक आयोगानंही कमलनाथांना समज दिली. ती निवडणूक इमरती देवी हरल्या. पण तो शब्द चुकीचा होता, हे सगळ्या देशासमोर नोंदलं गेलं, ते त्या बोलल्या म्हणून.

आणि हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. 2016 मध्ये जगभरच्या संसदांच्या संघटनेनं 39 देशांतल्या 55 महिला खासदारांशी बोलून अहवाल काढला. त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त जणींनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा मानसिक छळ सोसला होता. खासदार झालेल्या बायकांची ही गत, तर सातवीतल्या पोरीला किती लागत असेल?

मला सगळ्यात जवळची वाटते ती जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याची गोष्ट. मनीषा पानपाटील तिथं सरपंच म्हणून निवडून आल्या. सरकारी जागेवर बांधलेल्या घरात सासूबरोबर राहता, असा आरोप ठेवून त्यांना पदावरून काढलं. त्या म्हणत राहिल्या की मी तिथं राहत नाही. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, कुठंच दाद लागली नाही. शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना खुर्ची परत दिली. बाई सरपंच झाली, निर्णय घेऊ लागली, हे गावातल्या लोकांना पचलं नाही, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. एवढ्या पायऱ्या चढताना त्यांना किती जणांनी 'जाऊ दे' म्हटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी ऑगस्ट 2022 मध्ये सागर आणि दमोह जिल्ह्यांत निवडून आलेल्या बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी, घरातल्या पुरुषांनी शपथ घेतली होती. 2023 मध्ये लोकसभा आणि विधानसभेतल्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवण्याचाही कायदा झाला. उद्या खुर्ची आपल्या लेकीच्या समोर येईल. तिथं बसून बोलायची सवय मात्र तिला आजच लागायला हवी, आणि ती घरातच लागते.

म्हणून मी माझ्यापुरतं थोडं थोडं बदलायला घेतलं आहे. लेक काही सांगू लागली की गॅस बारीक करते आणि तिच्याकडे तोंड करून बसते. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न जिभेवर येतो, तो गिळते. 'मग तुला कसं वाटलं?' एवढंच विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती बराच वेळ रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काही सुचलंही नाही.

नंतर आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं. "हे मला आवडलं नाही. पुन्हा बोलू नको." आरशासमोर उभी राहून ती म्हणायची. पहिल्या दिवशी आवाज घशातच अडला. आठवड्याभरात तो ओसरीपर्यंत ऐकू यायला लागला. आणि तिला हेही सांगितलं, की एखाद्या वेळी गप्प बसावंसं वाटलं तर बस, पण घरी येऊन मला सांग. बोलायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मी तुझ्या बाजूनं आहे.

धाकट्याचं जास्त अवघड गेलं. त्या दिवशी गाडीत तोही हसला होता, आणि मी ते कानाआड केलं होतं. हसणार नाही तर काय? घरात आपणच म्हणतो, 'पोरीसारखा रडतो काय?', 'ताईला सांग, पाणी आणून देईल.' आता तो स्वतःचं ताट उचलतो. पाहुण्यांपैकी कुणी बायकांवरून विनोद केला, तर त्याचे बाबा हसत नाहीत, विषय बदलतात. पोरगा ते पाहतो. सुप्रिया सुळेंना तसं बोललं गेलं, तेव्हा सदानंद सुळे उघडपणे बायकोच्या बाजूनं उभे राहिले होते. आपल्या मुलालाही असं उभं राहता यावं, असं कुठल्या आईला वाटणार नाही?

यंदा लेकीनं पुन्हा नाव दिलं आहे. फॉर्म तिनं स्वतः भरला, मी फक्त सही केली. निवडून येईल की नाही, कुणास ठाऊक.

तुमच्या घरीही आज रात्री एखादं लेकरू वेणीशी किंवा शर्टाच्या बटणाशी चाळा करत काही सांगायला येईल. तेव्हा 'जाऊ दे' म्हणण्याआधी गॅस बंद करा, आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.