एकच माणूस, दोन चुका: जहाज किती वेगाने पळवायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कंटेनर जहाजांचा खर्च बघितला. फळ्यावरचं गणित जरा घाईत झालं, म्हणून ते इथे सावकाश मांडतोय. वही-पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

"सर, आम्ही एक सेकंडहँड पिकअप घ्यायची म्हणतोय, जहाज कंपनीचं आम्हाला काय?" असं तुमच्यातले काही जण म्हणणार, मला माहितीये. थोडं थांबा. इंधनाचा हिशोब जमला तर धंदा कसा तरतो आणि चुकला तर किती मोठा माणूस बुडतो, हे दाखवणारा याच्याइतका स्वच्छ धंदा दुसरा नाही. शेवटी पिकअपवर येतोच आपण.

आधी माणूस बघू. माल्कम मॅक्लीन, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा. १९३४ साली एका जुन्या ट्रकवर सुरुवात केली, म्हणजे तुमच्याच जातकुळीतला. ट्रकमधला माल बंदरात एकेक पेटी करून चढवायला दिवसच्या दिवस जातात, त्यापेक्षा ट्रकचा डबाच उचलून जहाजावर ठेवला तर? २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे जवळपास सहा डॉलर लागायचे, या पद्धतीने हिशोब सोळा सेंटच्या आसपास बसला. आज आपल्या न्हावा-शेवा बंदरात जे डबे रांगेने दिसतात, त्यांची सुरुवात ही.

इतका हुशार माणूस. आणि याच माणसाच्या नावावर इंधनाच्या दोन जबरदस्त चुका आहेत, त्याही एकमेकींच्या बरोबर उलट.

पहिली चूक. १९६९ मध्ये त्याच्या सी-लँड कंपनीने आठ नव्या जहाजांची ऑर्डर दिली. नाव एसएल-७. वेग ३३ नॉट, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. मालवाहू जहाजासाठी हा वेग अचाटच म्हणायचा. तेल तेव्हा पाण्याच्या भावात होतं आणि ग्राहकाला माल लवकर हवा होता. कागदावर सगळं बरोबर. १९७२ पासून जहाजं धावायला लागली आणि १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेलाची नाडी आवळली. पिंपामागे तीन डॉलरचं तेल काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. ही जहाजं पूर्ण वेगात दिवसाला सुमारे ५०० टन तेल पीत होती. जहाज तेच, गिऱ्हाईक तेच, पण प्रत्येक फेरीचं गणित फिरलं. शेवटी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सगळी अमेरिकन नौदलाने घेतली. लष्कराला वेग हवा असतो, बिलाची चिंता कमी असते!

दुसरी चूक. तोवर मॅक्लीनने सी-लँड कधीच विकली होती. १९७८ मध्ये त्याने युनायटेड स्टेट्स लाइन्स ही दुसरी कंपनी घेतली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणार, ते साहजिक होतं. या वेळी त्याने कोरियातल्या देवू कंपनीकडून बारा अवाढव्य जहाजं बांधून घेतली, त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं. नावच 'इकॉनशिप'. वेग फक्त १८ नॉटच्या आसपास, तेल कमी, डबे भरपूर. खर्च सुमारे ५७ कोटी डॉलर, बराचसा कर्जाचा. तेल महागच राहणार, आणखी चढणार, हे त्याने गृहीत धरलं होतं.

१९८६ मध्ये तेल कोसळलं. पिंपामागे पंधरा डॉलरच्या खाली गेलं. प्रतिस्पर्ध्यांची वेगवान जहाजं एकदम परवडायला लागली, माल लवकर पोचवायला लागली, आणि मॅक्लीनची जहाजं सावकाश पृथ्वीप्रदक्षिणा घालत राहिली. नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ती जहाजं पुढे पडत्या भावात कुणी घेतली? सी-लँडने! स्वस्तात मिळालेलं तेच जहाज त्यांनी नीट चालवून दाखवलं. जहाज वाईट नव्हतंच मुळी.

मग चुकलं कुठे? चला, वही उघडा.

फळ्यावरचं गणित

पाण्यात जहाज ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. घन म्हणजे वेग गुणिले वेग गुणिले वेग. वेग पाव हिश्श्याने कमी केला, म्हणजे ०.७५ पट केला, तर ताकद ०.७५ × ०.७५ × ०.७५ म्हणजे ०.४२ पट लागते. रोजचं तेल निम्म्याहूनही खाली! पण घाई नको, प्रवासाचे दिवस वाढतात ते धरायचे आहेत.

समजा, एक जहाज २४ नॉटला दिवसाला २०० टन तेल खातं. अंतर धरू ११,५२० सागरी मैल (भागाकार सोपा जावा म्हणून मुद्दाम निवडलंय). २४ नॉटला दिवसाला ५७६ मैल होतात, म्हणजे २० दिवस, ४,००० टन तेल. आता १८ नॉट. दिवसाला ४३२ मैल, म्हणजे पावणेसत्तावीसच्या आसपास दिवस. रोजचं तेल ८४ टन. एकूण २,२५० टन. एका खेपेत १,७५० टन वाचले, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के.

आता पैसे. तेल टनाला ५०० डॉलर धरलं तर बचत पावणेनऊ लाख डॉलर. पण जहाज जवळपास पावणेसात दिवस जास्त अडकलं. जहाजाचं भाडं, खलाशांचे पगार, विमा मिळून दिवसाचे ४०,००० डॉलर धरले तर तो खर्च झाला दोन लाख सदुसष्ट हजार. निव्वळ फायदा सहा लाखांच्या वर. हळू चालवा, प्रश्नच नाही.

इथेच बहुतेक जण वही बंद करतात. तुम्ही करू नका. आता उलटं विचारा: तेलाचा भाव किती खाली आला तर हा फायदा शून्य होईल? दोन लाख सदुसष्ट हजार भागिले १,७५०. उत्तर साधारण १५२ डॉलर. भाव त्याच्या वर असेल तर हळू, खाली गेला तर जोरात. हा १५२ चा आकडा म्हणजे तुमचा काटा. मॅक्लीनने दोन्ही वेळा आजच्या भावाला योग्य जहाज घेतलं, पण भाव काट्याच्या पलीकडे गेला तर काय करायचं, याला त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. आणि डोक्यावर कर्ज असलं की थांबून वाट बघायची सोय राहत नाही.

मग मेर्स्कने काय केलं?

जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं. पाठोपाठ मंदी आली, माल आटला. डेन्मार्कच्या मेर्स्कने त्या सुमारास जहाजं सावकाश चालवायला घेतली. इंजिन बनवणाऱ्यांचा जुना सल्ला होता की, एवढी मोठी इंजिनं ४० टक्क्यांपेक्षा कमी ताकदीवर फार काळ चालवू नका, काजळी धरेल, टर्बोचार्जर खराब होतील. मेर्स्कने तो सल्ला आंधळेपणाने मानला नाही आणि झिडकारलाही नाही. शंभरावर जहाजांवर अभ्यास केला, इंजिनांवर लक्ष ठेवलं, आणि पार १० टक्के ताकदीपर्यंत सुरक्षित चालवता येतं असं ठरवलं. गरज पडली तर वेग परत वाढवता येतो, ही यातली खरी मेख. जहाज नवीन घेतलं नाही, आहे तेच वेगळ्या पद्धतीने चालवलं. खिशातून फार काही गेलं नाही.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी बंदरात जहाज लागलंच पाहिजे, असा कंटेनरचा धंदा असतो. जाऊन-येऊन ५६ दिवस लागत असतील तर आठ जहाजं पुरतात. तेच ७० दिवस झाले तर दहा लागतात. म्हणजे हळू चालण्याची किंमत दोन जादा जहाजं! एरवी ही किंमत जड गेली असती. पण २००९ मध्ये मंदीमुळे जहाजं रिकामी नांगर टाकून उभीच होती. उभ्या जहाजाला कामाला लावायला फारसं काय लागतं? म्हणून गणित जमलं. धंदा तेजीत असता तर तीच युक्ती इतकी गोड लागली नसती.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. जहाजाच्या नाकाखाली पाण्यात एक फुगवटा असतो, बल्बस बो म्हणतात त्याला. तो ठरावीक वेगाला लाटा कापायला बनवलेला असतो. वेग उतरल्यावर तोच अडचण व्हायला लागला, म्हणून मेर्स्कने अनेक जहाजांची नाकं कापून नवी बसवली. बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की जहाज जड चालतं, ते खरवडावं लागतं. कोकणातला कुठलाही कोळी हे तुम्हाला न शिकता सांगेल. आणि सगळ्यात मूर्खपणाचा खर्च म्हणजे जीव तोडून पळत बंदरापर्यंत यायचं आणि जागा नाही म्हणून दोन दिवस बाहेर नांगर टाकून बसायचं. जागा कधी मिळणार हे आधी विचारून तेवढ्याच वेगाने यायचं, एवढं साधं काम आहे. पण बंदर, जहाज आणि एजंट या तिघांनी एकमेकांशी बोलावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

२०१३ मध्ये मेर्स्कची ४०० मीटर लांबीची, १८,००० डब्यांची ट्रिपल-ई जहाजं आली, ती मुळातच १९ नॉटच्या आसपास चालावीत अशी आखलेली होती. म्हणजे पुन्हा कमी वेगाचंच जहाज. पण त्याआधी पाच-सहा वर्षं तो वेग जुन्या जहाजांवर वापरून बघितलेला होता, हा मॅक्लीनच्या आणि यांच्या खरेदीतला फरक.

एक बाजू राहिली. हळू चालण्याचं तेल कंपनीचं वाचतं, दिवस कोणाचे जातात? माल पाठवणाऱ्याचे. तुमच्यापैकी जे निर्यातीत उतरणार आहेत त्यांनी हे लिहून घ्या. डब्यात २० लाखांचा माल आहे, पैसे माल पोचल्यावर मिळणार, आणि तुम्ही बँकेला १२ टक्के व्याज देताय. सात दिवस उशीर म्हणजे सुमारे ४,६०० रुपये व्याज, एका डब्याला. माल नाशिकची द्राक्षं असेल तर व्याजाचं सोडा, फळाचं आयुष्य जातं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा युरोपला माल पाठवणाऱ्यांना हे चांगलंच समजलं. भाडं विचारताना 'किती दिवस' हे पहिल्याच वाक्यात विचारा.

आता तुमची पिकअप

घनाचं सूत्र रस्त्यावर जसंच्या तसं लावू नका, तिथे चढ, सिग्नल, वजन सगळं असतं. काट्याची रीत मात्र तीच. समजा २४० किलोमीटरची खेप. ताशी ८० ला तीन तास आणि लिटरला १२ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे २० लिटर. ताशी ६० ला चार तास आणि १५ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे १६ लिटर. चार लिटर वाचले. हप्ता, ड्रायव्हर, विमा मिळून महिन्याला ४५,००० आणि महिन्याला २६० तास गाडी चालते असं धरलं, तर एका तासाचे १७३ रुपये. १७३ भागिले ४, म्हणजे ४३. डिझेल लिटरला ४३ च्या वर आहे तोवर हळू चालवणं फायद्याचं.

पण थांबा! तो एक तास वाचला असता तर संध्याकाळी आणखी एक खेप मिळाली असती का? हजार-बाराशे सुटणारी खेप हातची गेली, तर चार लिटरचं कौतुक कशाला? गाडी एरवी उभीच राहणार असेल तर मात्र हळूच चालवा. म्हणून सीझनमध्ये वेगळा आकडा आणि पावसाळ्यातल्या मंदीत वेगळा.

माझे आकडे उदाहरणाचे आहेत, ते वापरू नका. दोन आठवडे एका वेगाने आणि दोन आठवडे दुसऱ्या वेगाने, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालाने गाडी चालवा. दर वेळी टाकी फुल ते टाकी फुल मोजा. तारीख, किलोमीटर, लिटर, तास असे चार रकाने पुरे. गाडी अजून घेतली नसेल तर ओळखीच्या गाडीवाल्या दादांकडून महिनाभराचे आकडे मागून घ्या, आणि बँकेत कर्जाचा अर्ज भरण्याआधी आपला काटा काढा.

पुढच्या व्हिडिओत रिटर्न भाडं घेऊ. जहाज कंपन्यासुद्धा रिकामे डबे परत आणताना रडकुंडीला येतात, तिथूनच सुरुवात करू.