दुरुस्तीचा खर्च वाढतोय, हे वेळेत कळावे कसे?



मागील वार्षिक सभेत एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "बंद हंगामातली दुरुस्ती अंदाजापेक्षा महाग पडली, हे आम्हाला आज सभेत कळतंय. तुम्हाला कधी कळलं?" प्रश्न साधा होता, पण आमची जीभ अडखळली. कारण आम्हालाही ते गव्हाणीत मोळी पडल्यानंतर, ठेकेदारांची बिले आल्यावरच कळले होते. तोवर करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्यानंतर अभियांत्रिकी व लेखा विभागांनी मिळून कामाचे वेळापत्रक आणि खर्च संगणकावर एकत्र मांडावयास घेतले. यासाठी 'मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट' हा कार्यक्रम वापरला. हा कार्यक्रम काही नवा नव्हे, 1984 सालापासून तो बाजारात आहे. आमच्याकडे यायला उशीर झाला, इतकेच. त्यातून काय शिकलो ते सभासदांपुढे ठेवीत आहोत. आपल्या घरच्या विहिरीच्या किंवा पाइपलाइनच्या कामालाही हाच हिशोब लागू पडतो.

आधी रानातले उदाहरण घेऊ. समजा, 10 एकर उसाची खुरपणी करायची आहे. रोज 10 बायका, हजेरी 300 रुपये, 10 दिवस. अंदाज 30,000 रुपये. पाच दिवस झाले, वाटलेली मजुरी 15,000. वहीत पाहणारा म्हणेल, निम्मे दिवस गेले, निम्मे पैसे गेले, सगळे ठीक आहे! पण बांधावर जाऊन पाहावे तर रान 4 एकरच खुरपलेले. म्हणजे 12,000 रुपयांच्या कामाला आपण 15,000 मोजले. रुपयाला 80 पैशांचे काम मिळाले. चाल अशीच राहिली तर शेवटी 30,000 भागिले 0.8, म्हणजे 37,500 रुपये लागणार. हे पाचव्या दिवशीच कळते, दहाव्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही.

संगणकातली सारी करामत या तीन आकड्यांत आहे: आजवर किती काम व्हायला हवे होते त्याची किंमत, झालेल्या कामाची किंमत, आणि प्रत्यक्ष झालेला खर्च. पहिले दोन्ही आकडे मूळ अंदाजाच्या दराने काढायचे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 साली आपल्या ठेकेदारांना असा हिशोब सक्तीचा केला. तिकडे झालेल्या कामाच्या किमतीला 'अर्न्ड व्हॅल्यू' म्हणतात. आम्ही तिला 'कमावलेले काम' म्हणतो.

प्रोजेक्टमध्ये प्रथम प्रत्येक काम, त्याचे दिवस, माणसे, माल आणि ठरावीक खर्च भरायचा. संचालक मंडळाने अंदाज मंजूर केला की तो 'बेसलाइन' म्हणून साठवून ठेवायचा. पुढे आराखडा कितीही हलला तरी ही नक्कल तशीच राहते आणि वाढ-घट तिच्याशी ताडली जाते. येथेच पहिला घोटाळा होतो. खर्च वाढला की कोणीतरी नवा अंदाज जुन्या बेसलाइनवरच साठवतो आणि फरकाच्या रकान्यात शून्य दिसू लागते. ही पाटी पुसण्यासारखीच गोष्ट झाली. वास्तविक या कार्यक्रमात 11 बेसलाइन साठवता येतात. मंजुरीने अंदाज बदलला असेल तर नवी बेसलाइन वेगळ्या जागी ठेवावी, पहिलीला हात लावू नये.

दुसरी अडचण आम्हाला फार उशिरा उमगली. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा हा कार्यक्रम स्वतःच काढतो: झालेले काम गुणिले आपण भरलेला दर. मग ठेकेदाराने दर वाढवला, जादा पाळी लागली, तरी पडद्यावर खर्च अंदाजाबरहुकूमच दिसणार! आम्ही दोन आठवडे त्या हिरव्यागार अहवालावर खूश होतो. लेखा विभागातल्या एका कारकुनानेच विचारले, "साहेब, माझ्याकडे बिल आलंय त्याचं काय?" शेवटी खर्च आपोआप काढण्याची ती सोय 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन बंद केली. आता आकडे बिलांवरून व मस्टरवरून हाताने भरतो. काम जादा, पण आकडा खरा.

तिसरी गोष्ट टक्केवारीची. समजा, बॉयलरच्या 600 ट्यूब 30 दिवसांत बदलायच्या आहेत, अंदाज 24 लाख रुपये. पंधराव्या दिवशी फोरमन सांगतो, "निम्मं झालं." पण मोजल्या तर 240 ट्यूबच बदललेल्या, म्हणजे 40 टक्के. प्रोजेक्टमधील नेहमीची टक्केवारी दिवसांवर चालते, ट्यूब मोजत नाही. म्हणून 'फिजिकल टक्के' हा वेगळा रकाना आहे, आणि कमावलेले काम त्यावरून काढावे असे त्या कामापुरते सांगता येते. खर्च 12 लाख झाला असेल, तर 50 टक्के धरल्यास सारे सुरळीत दिसते. 40 टक्के धरल्यास कमावलेले काम 9 लाख 60 हजार, आणि शेवटचा आकडा 30 लाखांवर जातो. सहा लाखांचा फरक एका रकान्यात लपतो! मोजणी फोरमनने न करता दुसऱ्या पाळीच्या माणसाने करावी, असे आमचे मत आहे. यावर कारखान्यात थोडी कुरबुरही झाली.

ठेकेदाराच्या उचलीचेही असेच. खर्च कामाच्या सुरुवातीस, शेवटी की कामाबरोबर थोडाथोडा धरायचा, हे आधी सांगावे लागते. उचल दिली म्हणजे काम झाले असे नव्हे. तसेच उन्हाळ्यात घेतलेला माल स्टोअरमध्ये पडून असतो. त्याचे पैसे खतावणीत गेलेले असतात, पण तो कामाला लागलेला नसतो. त्यामुळे लेखा विभागाचा आणि वेळापत्रकाचा आकडा जुळत नाही म्हणून कोणी घाबरू नये. फरक कशाचा, हे मात्र प्रत्येक वेळी कागदावर लिहून ठेवावे.

अहवालांसाठी कार्यक्रमात तयार नमुने आहेत. त्यांपैकी खर्चवाढीचा आणि कमावलेल्या कामाचा, हे दोनच आम्ही काढतो. रंगीत आलेख पुष्कळ निघतात, पण त्यांचा उपयोग भिंतीपुरता. दर शनिवारची तारीख 'स्टेटस डेट' म्हणून भरतो, कारण ती न भरल्यास संगणक आजचीच तारीख धरतो आणि मागच्या अहवालाशी तुलना बिघडते.

येत्या बंद हंगामात दर सोमवारी तिन्ही आकडे गट कार्यालयांच्या फलकावर लावले जातील. मिल, बॉयलर व उकळी विभाग वेगवेगळे दाखवू. ज्यांना एखादा आकडा पटणार नाही, त्यांनी अभियांत्रिकी कार्यालयात येऊन मोजणीची वही पाहावी.