अ‍ॅडमिनने सर केलेले गड

वेबसाइट नव्या सीएमएसवर न्यायची असं कार्यकारिणीत ठरलं की पहिल्या काही बैठका रंगांवर जातात. हिरवा कुठला, लोगो डावीकडे की मधोमध, पहिल्या पानावर फोटो कुणाचा. जाऊ द्याव्यात. ज्याच्या गळ्यात प्रत्यक्ष काम पडलंय त्याने तेवढ्या वेळात जुना डेटाबेस उघडून त्यात नेमकं काय काय आहे ते बघून ठेवावं.

आमची संस्था गिर्यारोहणाची. साइटवर गडांचे वृत्तांत, फोटो, वाटांची माहिती, सभासदांच्या प्रतिक्रिया. सगळं ड्रुपल 7 वर. हे ड्रुपल आलं 2011 मध्ये आणि त्याचा आधार 5 जानेवारी 2025 रोजी संपला, म्हणजे तेव्हापासून सुरक्षेच्या अधिकृत दुरुस्त्या बंद. 2015 मध्ये आलेल्या ड्रुपल 8 ची बांधणीच इतकी वेगळी होती की सातवरून थेट पुढच्या आवृत्तीवर जाता येत नाही; ड्रुपलमध्येच राहायचं म्हटलं तरी सामान हलवावंच लागतं. आम्ही वर्डप्रेस घेतलं, कारण ते हाताळता येणारे सभासद जास्त होते. एवढं कारण पुरतं. कुठलं सॉफ्टवेअर श्रेष्ठ या वादात हौशी संस्थेने पडू नये, त्यात हंगाम जातो.

चाचणीच्या सर्व्हरवर पहिली आयात झाली. आकडे जुळले, लेख तितकेच, फोटो तितकेच. पानं उघडून पाहिली तर साल्हेरपासून हरिश्चंद्रगडापर्यंत सगळे गड ‘अ‍ॅडमिन’ नावाच्या इसमाने एकाच दिवशी सर केलेले.

आधी हसलो. मग एका आडवाटेच्या गडाचं पान समोर आलं. ‘वरच्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, खालून ओझं नेऊ नका.’ हे कुणीतरी फार पूर्वी, पावसाळा नुकताच सरला असताना लिहिलेलं. नव्या साइटवर त्यावर आयातीची तारीख. एप्रिलच्या उन्हात हे वाचून एखादी टोळी बाटली-दोन बाटल्या पाण्यावर निघाली असती. लोखंडी शिडी शाबूत आहे की गेली, पायथ्याच्या गावात मुक्कामाची सोय होते की नाही, वनखात्याने वाट बंद ठेवलीय का, यांतलं काहीही तारखेशिवाय सांगण्यात अर्थ नाही. लेखकाचंही तसंच. अमक्या काकांनी ‘सोपी वाट’ लिहिलं की आमच्यातले जाणते दोर बरोबर घेतात. तेच अ‍ॅडमिनने लिहिलं असेल तर कुणाला काय कळणार?

याचं कारण साधं असतं. ड्रुपल तारीख ठेवतं ती 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत. आयात करणाऱ्या प्लगइनला तो लांबलचक आकडा कळला नाही की ते आजची तारीख टाकून मोकळं होतं. लेखकाचं जुनं खातं नव्या खात्याशी जोडून दिलं नाही, तर लेख आयात करणाऱ्याच्या नावावर चढतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी सभासदांची खाती, मग लेख, मग प्रतिक्रिया, आणि कुणाला उद्देशून कुठली प्रतिक्रिया आहे ते शेवटी तपासायचं. निवर्तलेल्या किंवा संस्था सोडून गेलेल्या सभासदांची खाती ‘निष्क्रिय’ म्हणून गाळायचा मोह होतो. गाळू नयेत. लॉगिन बंद करा, नाव राहू द्या.

नुसत्या आकड्यांवर विसंबायचं नाही हे त्यातून आलं. त्याऐवजी छळणारी पानं निवडून ठेवावीत : सर्वांत जुनं, सर्वांत लांब, शंभरावर प्रतिक्रिया असलेलं, तक्ता असलेलं, फोटोखाली ओळी असलेलं. प्रत्येक चाचणीनंतर जुनं आणि नवं पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायचं. हे काम तंत्रज्ञाला देऊ नका. ज्याने तो गड पाहिलाय त्याला द्या.

मराठी साइटला आणखी एक भोग असतो, अक्षरांचा. डेटाबेस एका संकेतात आणि आयात दुसऱ्याच समजुतीने झाली की देवनागरीच्या एकेका अक्षराजागी तीन-तीन परकी चिन्हं उमटतात. ते निदान लगेच दिसतं. न दिसणारं जास्त वाईट. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ-8’ नावाचा जुना प्रकार एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरीला तेवढे पुरतात, इमोजीला चार लागतात. सर्व्हरची तपासणी सैल ठेवलेली असेल तर मजकूर पहिल्या इमोजीपाशी कापला जातो आणि पुढचं सगळं गुपचूप नाहीसं होतं. ‘वारा मस्त होता’ एवढं उरतं. त्यापुढची हसरी बाहुली आणि ‘उतरताना डावी वाट घेऊ नका’ ही सूचना दोन्ही गायब. तक्ते पहिल्यापासून ‘यूटीएफ-8-एमबी-4’ मध्येच करून घ्या.

तसंच अर्ध्या रफाराचं. ‘दऱ्या’मधला तो रफार काही जुन्या कीबोर्डांवर एक अदृश्य जोडचिन्ह घालून उमटतो. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्लगइनने ते चिन्ह कचरा समजून काढलं की दऱ्यांचा दर्या होतो आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो. स्वच्छतेचा तो पर्याय बंदच ठेवावा.

आता पानांचे पत्ते. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्याला 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा, अनुस्वारसुद्धा, पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं. म्हणजे हाती उरतात जेमतेम बावीस. ‘हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘वाट’पाशी तुटतो, त्याची वाट तिथेच लागते. आणि नळीची वाट ही हौसेची वाट, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ. सगळ्यांचा पत्ता एकाच जागी तुटून पुढे नुसता 2, 3, 4 लागतो. पत्ते रोमन लिपीत, आखूड आणि हाताने दिलेले बरे. मातृभाषेचा अभिमान शीर्षकात दाखवावा.

जुने पत्ते मात्र मरता कामा नयेत. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे 301 रीडायरेक्ट, लावावं लागतं. लोक मोजतात ते गूगलवरून येणारे वाचक. आमची अडचण होती कागदाची. पायथ्याच्या गावांत चिकटवलेल्या पत्रकांवर क्यूआर कोड होता, तो बचावपथकाच्या क्रमांकांचं पान उघडायचा. तो कोड एका सभासदाने जाता जाता सहज स्कॅन केला म्हणून कळलं की ‘पान सापडले नाही’ येतंय. छापलेले पत्ते आधी गोळा करा : पत्रकं, स्मरणिका, टी-शर्टच्या पाठीसुद्धा.

पासवर्डबद्दल थोडक्यात. ते जसेच्या तसे नेता येतील असं गृहीत धरू नका, सगळ्यांना नवे करायला लावावेत हेच सोपं. त्याचे ईमेल एकदम पाठवले की स्पॅममध्ये जातात. तुकड्यातुकड्यांनी पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आधी सांगून ठेवा.

एका बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. सभासदांचे रक्तगट, घरचे फोन, आजारपणं जुन्या साइटवर फक्त नेत्यांना दिसत असतील. आयातीत मजकूर येतो, तो कुणी पाहायचा याचे नियम येत नाहीत. लॉगिन न करता प्रत्येक प्रकारचं पान उघडून बघा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ही माहिती साइटवर ठेवायची तरी का, हेच आधी ठरवावं. आम्ही ती नेलीच नाही.

मुहूर्त मे महिन्याचा धरा. उन्हामुळे मोहिमा कमी असतात आणि पावसाळी भटकंतीच्या नोंदण्या जूनमध्ये सुरू होण्याआधी हाती वेळ राहतो. बदलाच्या दिवशी जुनी साइट वाचनापुरती उघडी ठेवून लिहिणं बंद करायचं, नाहीतर त्या रात्री लिहिलेलं कुठेच राहत नाही. जुन्या साइटची साध्या एचटीएमएल पानांची प्रत करून कोपऱ्यात ठेवा, जुन्या डेटाबेसची दुसरी प्रत दुसऱ्याच सभासदाकडे द्या, आणि जुन्या होस्टिंगचं भाडं आणखी एक वर्ष भरा. खजिनदार विचारेल, दोन-दोन साइटींचं भाडं कशाला? त्याला त्याच्याच जुन्या वृत्तांताचं नवं पान उघडून द्या आणि खाली लेखक कोण दिसतोय ते वाचायला सांगा.