समतेचें वचन

अमेरिकेंतील तेरा वसाहतींच्या काँग्रेसनें ४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. सर्व मनुष्यें जन्मतः समान आहेत व राज्यसत्ता प्रजेच्या संमतीनेंच न्याय्य ठरते, हीं त्याचीं मूलतत्त्वें होत. परंतु तो लिहिणारे जेफरसन स्वतःच शेंकडों गुलामांचे धनी होते! मग तें वचन पोकळ म्हणावें काय? नाहीं. गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनीं १८५२ सालीं त्याच वचनाच्या आधारें राष्ट्रास जाब विचारला. पुढें १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, १९२० सालीं स्त्रियांचा मताधिकार राज्यघटनेंत आला, आणि १९६५ सालीं कृष्णवर्णीयांच्या मतास कायद्याचें संरक्षण लाभलें. तात्पर्य, समतेचें वचन नुसतें लिहून पुरें होत नाहीं. ज्यास तें अद्याप लाभलें नाहीं त्याचें गाऱ्हाणें ऐकणें, हें आजही प्रत्येक लोकशाहीचें कर्तव्य होय.