नेट कोणी खाल्लं?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे... हॉस्टेलचं नेट!

मागच्या सेमिस्टरला परीक्षेचे फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते आणि आमच्या मजल्यावर नेट येत-जात होतं. एका खोलीत चालू, शेजारच्या खोलीत बंद. मशीन रीस्टार्ट केलं की कधी बरोबर उलटं! मग काय, मेसमध्ये पंचायत बसली. एका ज्युनियरचा डेस्कटॉप रात्रभर चालू असतो. "हीच पिक्चर डाऊनलोड करते, हिनेच नेट खाल्लं," असं ठरलं आणि तिचं कनेक्शन तोडावं असा अर्ज रेक्टर मॅडमकडे गेला. त्यावर तिसरी सही माझी. ती बिचारी सांगत होती की माझंही नेट बंद आहे. पण ऐकतंय कोण?

रात्री मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. आपण नेटवर्कचा पेपर देणार आणि सही करताना साधं पिंगसुद्धा करून पाहिलं नाही?

पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून 'ओ' यायला किती वेळ लागतो ते मोजणं. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. आता विचार करा. एखादी व्यक्ती खरंच सगळी लाईन खात असेल, तर पिंगचे आकडे सगळ्यांचेच वाढायला हवेत, काही पॅकेट्स गळायला हवीत. माझ्या खोलीत कॉलेजच्या सर्व्हरला पिंग केलं, तर उत्तर शून्य. शेजारी तेच पिंग एक-दोन मिलिसेकंदांत परत! म्हणजे लाईन भरलेली नव्हतीच.

मग ट्रेसरूट. (विंडोजवर याचं नाव ट्रेसर्ट.) प्रत्येक पॅकेटला टीटीएल नावाचा आकडा असतो, तो प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो. शून्य झाला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम टीटीएल १, मग २, मग ३ ठेवून पॅकेट्स सोडतं, म्हणून वाटेवरच्या एकेका राउटरचा पत्ता कळतो. मध्येच चांदण्या दिसल्या तर घाबरू नका, काही राउटर उत्तरच देत नाहीत. शेजारच्या खोलीतून पहिला टप्पा कॉलेजचा गेटवे दिसला, १० ने सुरू होणारा. माझ्याकडे पहिल्याच ओळीत १९२.१६८.०.१! हे महाशय कोण?

इथे वायरशार्क कामी आलं. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांत हेच इथरियल नावाने सापडेल. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते आणलं, २००६ मध्ये नाव बदललं. फुकट आहे, लिनक्स-विंडोज दोन्हींवर चालतं. पण एक गैरसमज काढून टाका. ते लावलं की अख्ख्या हॉस्टेलचं ट्रॅफिक दिसत नाही. स्विच ज्याचं पॅकेट त्यालाच देतो. आपल्याला आपलं आणि ब्रॉडकास्ट तेवढं दिसतं. सगळं पाहायचं तर स्विचवर पोर्ट मिररिंग लागतं, आणि त्यासाठी सरांची परवानगी. दुसऱ्यांचं ट्रॅफिक चोरून बघायच्या भानगडीत पडूच नका.

मला तर माझंच हवं होतं. फिल्टरमध्ये डीएचसीपी टाकलं आणि पत्ता सोडून नवा मागवला. माझ्या मशीनने 'कोणी पत्ता देतं का पत्ता' अशी आरोळी ठोकली आणि एकाऐवजी दोन ऑफर आल्या! एक कॉलेजच्या सर्व्हरची, दुसरी त्या १९२.१६८.०.१ ची. ज्याची ऑफर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन घेतं, म्हणून हा खोलीनिहाय लॉटरीचा खेळ.

मॅक अ‍ॅड्रेसचे पहिले तीन बाइट कंपनी सांगतात. ही घरगुती वायफाय राउटर बनवणारी कंपनी निघाली. सकाळी लॅबच्या सरांना तो मॅक अ‍ॅड्रेस दिला. त्यांनी स्विचचं टेबल उघडून पोर्ट शोधला. पोर्टची वायर गेली होती रीडिंग रूममध्ये.

तिथे कपाटावर आम्ही वर्गणी काढून घेतलेला राउटर आहे. भिंतीतली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये हवी, ती लॅन पोर्टमध्ये होती. त्यामुळे तो मजलाभर पत्ते वाटत बसला होता, पण बाहेरची वाट त्याच्याकडे नव्हती. रविवारी कपाट झाडताना ती वायर मीच काढली होती, आणि परतही मीच लावली होती.

वायर बदलायला दहा सेकंद लागले. रेक्टर मॅडमच्या केबिनपर्यंत जायला अर्धा तास. मी अर्ज मागे घेतला, कारणही सांगितलं. सरांनी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलंय, आता परवानगी नसलेल्या पोर्टवरून कोणी पत्ते वाटायला लागलं तर स्विचच ते अडवतो. संध्याकाळी ज्युनियरच्या खोलीवर गेले, सॉरी म्हटलं. ती काहीच बोलली नाही. मग फॉर्म भरायला बसली, आणि भरून झाल्यावर म्हणाली, "ताई, ते दोन ऑफर कसे दिसले ते दाखव ना."