परदेशी रोप व वैशाखाचा वारा

क्रांती चौकाजवळच्या एखाद्या घराच्या ओसरीवर अँथुरियमची कुंडी ठेवावयाची असेल, तर त्या रोपाचे माहेर प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. कोलंबियाच्या दमट अरण्यांत मोठ्या वृक्षांच्या छायेखाली ते वाढते. १८७६ साली एदुआर आंद्रे या फ्रेंच संशोधकास ते तेथे आढळले. आमच्याकडे वैशाखात पारा ४० अंशांवर चढतो व वारा अगदी कोरडा वाहतो. मुळे जितके पाणी पुरवितात त्याहून अधिक पानांतून उडून जाते, आणि पानांच्या कडा करपतात. ते पाहून मनुष्य कळवळून तांब्यामागून तांब्या ओततो. आमच्या मते पदरचे पैसे देऊन आणलेली अशी रोपे उन्हापेक्षा या दयेनेच अधिक मरतात. कारण आमच्या काळ्या चिकण मातीत पाणी साचले म्हणजे तीतील हवा निघून जाते व मुळे कुजतात.

यास्तव कुंडीत पालापाचोळ्याचे खत, नारळाचा काथ्या व विटांचे तुकडे भरावे. कुंडीखाली ओल्या खडीची परात ठेवावी व पश्चिमेस वाळ्याचा ओला पडदा सोडावा. बोट खुपसून माती कोरडी लागेल तेव्हाच पाणी घालावे. ही परीक्षा मुलांकडे सोपविण्यास हरकत नाही. पौषात कुंडी रात्री घरात घ्यावी.