गणित कागदावर, निर्णय मनात: धंद्यात भावना कुठे घुसतात?



"धंद्यात भावना आणू नका" हा सल्ला प्रत्येक नवीन माणसाला मिळतो. ऐकायला छान, पण जमत कुणालाच नाही. गिऱ्हाइकालाही नाही आणि गल्ल्यावर बसलेल्या तुम्हालाही नाही. त्यापेक्षा भावना कुठे घुसतात ते ओळखलेलं बरं. आज अशा तीन जागा बघू.

१) आपल्या मालाची माया

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की जेवढा आनंद कमाईचा होतो, त्यापेक्षा तेवढ्याच रकमेच्या तोट्याचं दुःख जास्त होतं. पुढे कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, बाकीच्यांना नाही. ज्यांच्या हातात मग आला होता, त्यांनी विकायला मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. वस्तू तीच. फरक एवढाच की ती आता "माझी" झाली होती.

आता तुमचं कपाट उघडा. ८०० रुपयांनी घेतलेले २० कुर्ते दोन दिवाळ्या पडून आहेत. ५०० ला गिऱ्हाईक आहे, पण तुम्ही सोडत नाही. का? ६,००० चा तोटा डोळ्यांना दिसतो, आणि अडकलेले १०,००० दिसत नाहीत. हेच १०,००० चालू मालात घातले आणि त्यावर २० टक्के सुटले, तर एका फेरीला २,००० झाले. तीन फेऱ्यांत तोटा भरून निघाला!

स्वतःला एकच प्रश्न विचारा: "हा माल आज माझ्याकडे नसता, तर मी तो ५०० ला भरला असता का?" उत्तर "नाही" असेल, तर विकून मोकळे व्हा.

२) "हा आपल्याला लुटतोय"

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅनडातल्या लोकांना विचारलं गेलं: दुकानात बर्फ काढायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. मोठं हिमवादळ होतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार तेच फावडं २० ला लावतो. हे योग्य का? ८२ टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. पण दुकानदाराची स्वतःची खरेदीच महागली असेल, तर भाव वाढवणं बहुतेकांना मान्य होतं.

म्हणजे राग भावाचा नसतो, कारणाचा असतो. पहिल्या पावसात छत्रीचा भाव चढवलात तर त्या दिवशी चार पैसे मिळतील, पण गिऱ्हाईक ते लक्षात ठेवेल. याउलट तेल महागलं म्हणून वडापाव २ रुपयांनी वाढवायचाय? आठ दिवस आधी पाटी लावा, कारण लिहा. लोक समजून घेतात.

३) पैशापेक्षा मान मोठा

एक प्रसिद्ध खेळ आहे. एकाला रक्कम देतात आणि दुसऱ्याला त्यातला वाटा द्यायला सांगतात. दुसऱ्याने नकार दिला, तर दोघांनाही काहीच मिळत नाही. हिशेबाने पाहिलं तर मिळेल ते घ्यावं. पण अगदी किरकोळ वाटा लोक बऱ्याचदा नाकारतात. स्वतःचं नुकसान चालेल, अपमान नको!

उधारी वसूल करताना हे विसरू नका. चार लोकांत "काका, पैसे कधी देणार?" म्हणालात की काका रस्ता बदलतात. पैसेही गेले, गिऱ्हाईकही गेलं. त्याऐवजी बाजूला घेऊन सांगा: "काका, खात्यावर २,४०० बाकी दिसतायत. या महिन्यात ८०० जमतील का?" रक्कम स्पष्ट, मुदत स्पष्ट, आणि मान शाबूत.

या आठवड्याचा गृहपाठ

वही-पेन घ्या आणि तीन याद्या करा: सहा महिन्यांहून जुना माल, येत्या काळात वाढवावे लागणारे भाव (कारणासकट), आणि तीन जुनी उधारीची खाती. प्रत्येक यादीतलं एक काम शनिवारपर्यंत उरका. अडकलेले पैसे सुटले की पुढचा माल कर्ज न काढता भरता येईल.

भेटू पुढच्या भागात. धंदा जपा, माणसंही जपा!